मुलाखत आणि वेतनाची बोलणी



मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराला मुलाखतीत इंग्रजीची धास्ती असते. परंतु त्याचे नुकसान बहुधा संकोचानेच अधिक होते. स्वतः केलेले एखादे काम, त्यातली अडचण, आपण योजलेला उपाय आणि त्याची निष्पत्ती या क्रमाने साध्या वाक्यांत सांगण्याचा सराव करा. तेवढे इंग्रजी पुरते.

वेतनाच्या बोलण्यात हा संकोच महागात पडतो. वार्षिक सहा लाखांचा आकडा ऐकून आपण दरमहा पन्नास हजार हाती येतील असे धरतो. मूळ वेतन त्याच्या निम्मे, म्हणजे २५,००० रुपये असेल आणि भविष्य निर्वाह निधी पूर्ण मूळ वेतनावर आकारला जात असेल, तर १२ टक्क्यांप्रमाणे आपले ३,००० आणि बहुधा त्याच आकड्यात धरलेले मालकाचे ३,००० रुपये त्या निधीत जातात. तो पैसा आपलाच. पण घरभाडे त्यातून भरता येत नाही.

म्हणून होकारापूर्वी विचारा, ‘दरमहा हाती किती येईल?’ अपेक्षा सांगताना घरची अडचण नव्हे, त्या कामाचा प्रचलित मोबदला आणि आपले कौशल्य पुढे ठेवा. ठरलेले लेखी घ्या. नियुक्तिपत्र मिळाल्यावाचून हातची नोकरी सोडू नका.

शाळेने दिलेला विनय जरूर जपा, पण विचारायला कचरू नका. आपणांस शुभेच्छा.