टेलिफोनच्या बाजारातील चढाओढ



टेलिफोनचा धंदा आपल्याकडे मुळात खाजगीच. १८८२ साली मुंबईत एक्स्चेंज उघडले ते कंपनीने. सरकारने ते १९४३ मध्ये घेतले. पुढे टेलिफोनसाठी यादीत नाव घालून किती वर्षे थांबावे लागे, हे येथील वडीलधाऱ्यांना सांगायला नको.

१९९४ च्या धोरणाने दार पुन्हा उघडले. मुंबई वगळून महाराष्ट्राचे मोबाइल परवाने मिळाले दोघांना: बिर्ला-एटीअँडटी आणि बीपीएल. चढाओढ आली, पण गिऱ्हाईक वाढेना. आलेला फोन घेतला तरी पैसे पडत! लोक तो तोडून पीसीओ गाठीत. आमच्या मते बाजार वाढला तो नियमांमुळे. १९९९ मध्ये ठोक परवाना फीऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याचे ठरले, आणि मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला. रिक्षावाल्याला, भाजीवालीला फोन परवडला तो त्यानंतर.

२०१६ मध्ये जिओ आली, दर कोसळले, दुबळ्या कंपन्या एकामागून एक गेल्या. आम्हा पुणेकरांची गंमत अशी की, त्या पहिल्या दोघांचे धंदे पुढे आयडिया आणि व्होडाफोन झाले, आणि २०१८ साली तेही एकत्र आले. मूळचे प्रतिस्पर्धी एकाच गल्ल्यावर! २०२३ मध्ये थकबाकीपोटी सरकारच तिचे सर्वांत मोठे भागधारक झाले.

जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खाजगी कंपन्यांनी एकदमच दर वाढवले. नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय २०११ पासून देशभर आहे. पण जायचे कोठे? लाखो ग्राहक बीएसएनएलकडे गेले. तिचे मनोरे नीट चालणे ही इतर कंपन्यांच्या ग्राहकांचीही गरज आहे, असे आम्ही समजतो.