‘फॅक्टरी’ : एका शब्दाचा सुरतेतला अर्थ



गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेत बोलण्यास आपण मला पाचारण केले, याबद्दल मी ऋणी आहे. गुरुजी इतिहास शिकवीत आणि मी इंग्रजी. शिक्षकांच्या खोलीत आमची टेबले शेजारीशेजारी होती. आज मी मोठा विषय घेतलेला नाही. इंग्रजीतल्या एकाच शब्दाविषयी बोलणार आहे, आणि त्या निमित्ताने माझ्या एका चुकीविषयी.

शब्द आहे ‘फॅक्टरी’. या शहरात तो ठाऊक नसलेले मूल सापडणार नाही. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली जी कुटुंबे राहतात, त्यांच्या घरांत तर तो मराठीच होऊन बसला आहे. वडील फॅक्टरीत गेले म्हणजे मागावर गेले, एवढे चार वर्षांच्या पोरालाही कळते. जो शब्द इतका ओळखीचा, त्याचा अर्थ पुन्हा शिकावा लागेल असे कोणास वाटेल? मलाही वाटले नव्हते.

1987 सालची सहामाही परीक्षा होती. नववीच्या प्रश्नपत्रिकेत मी भाषांतरासाठी एक वाक्य घातले : ‘द इंग्लिश एस्टॅब्लिश्ड अ फॅक्टरी ॲट सुरत’. बहुतेकांनी ‘इंग्रजांनी सुरतेत कारखाना काढला’ असे लिहिले आणि मी त्यांना दोन-दोन गुण दिले. एका मुलाने लिहिले होते, ‘इंग्रजांनी सुरतेत आडत घातली’. त्यावर मी लाल शाईने फुली मारली.

पेपर वाटल्यावर तो मुलगा माझ्या टेबलाशी आला. त्याचे वडील रिंग रोडवरच्या कापडबाजारात गाठी वाहण्याचे काम करीत, आणि सुटीत तोही त्यांच्याबरोबर जात असे. तो म्हणाला, “सर, इंग्रज माल विकत घ्यायला आले होते ना? मग ते कारखाना कशाला काढतील?” मी म्हणालो, “शब्दकोश बघ, म्हणजे कळेल.” वर्ग हसला. शब्दकोश मी स्वतःही पाहिला नव्हता, हे वर्गाला कोठून ठाऊक असणार!

मधल्या सुटीत मी ही हकिगत गंमत म्हणून गुरुजींना सांगितली. ते हसले नाहीत. चहाची बशी खाली ठेवून त्यांनी एवढेच विचारले, “मास्तर, त्या कारखान्यात माग किती होते हो?”

त्या संध्याकाळी मी वाचनालयातला मोठा शब्दकोश उघडला. ‘फॅक्टर’ म्हणजे धन्याच्या वतीने दूरदेशी खरेदी-विक्री करणारा प्रतिनिधी. मुळात लॅटिनमधल्या ‘करणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला हा शब्द, म्हणजे ‘करणारा’. गणितात आपण ज्याला अवयव म्हणतो तो फॅक्टरही त्याच कुळातला. स्कॉटलंडमध्ये जमीनदाराच्या इस्टेटीचा कारभार पाहणाऱ्यास अजूनही फॅक्टर म्हणतात. असे फॅक्टर जेथे राहत, माल साठवीत आणि हिशेब लिहीत, ती फॅक्टरी. पोर्तुगीजांच्या भाषेतही याच अर्थाचा आणि याच घाटाचा शब्द आहे. यंत्रे आली आणि माल बनवण्याची जागा हा अर्थ पुढे इतका बळावला की जुना अर्थ केवळ इतिहासाच्या पुस्तकांत उरला.

सुरतेच्या बाबतीत तो जुनाच अर्थ खरा. 1608 मध्ये विल्यम हॉकिन्सचे ‘हेक्टर’ जहाज सुरतेच्या बंदराशी लागले. 1612 साली सुवालीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना मागे हटवले आणि त्यानंतर येथे त्यांच्या व्यापाराचा जम बसला. त्या वास्तूत एकही माग नव्हता. कापड विणले जाई ते विणकरांच्या घरी. दलालांच्या मार्फत त्यांना आगाऊ रक्कम दिली जाई आणि तयार कापड, तसेच सरखेजची नीळ, येथे गोळा होऊन जहाजावर चढे. कंपनीची माणसे एकाच आवारात राहत, एका पंगतीला जेवत. त्यांच्यात रायटर, फॅक्टर, मर्चंट अशा पायऱ्या होत्या. रायटर म्हणजे लेखक नव्हे, कारकून. 1744 साली मद्रासेस उतरलेला रॉबर्ट क्लाइव्ह असाच कारकून होता, आणि कलकत्त्याच्या रायटर्स बिल्डिंगमध्येही कोणी कादंबऱ्या लिहीत नव्हते.

शिवाजी महाराजांनी 1664 च्या जानेवारीत सुरत लुटली तेव्हा जॉर्ज ऑक्सेंडनने जी जागा सांभाळली ती हीच. इंग्रजी पुस्तकात हा प्रसंग वाचणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे धुराडे उभे राहिले, तर तो दोष मुलाचा नाही.

आता गंमत पाहा. इतिहासाच्या मराठी पुस्तकांत या फॅक्टरीला ‘वखार’ म्हणतात. सुरतेची वखार, राजापूरची वखार. आजच्या मुलाला वखार म्हटले की लाकडे आठवतात. गुजराती पुस्तकांत ‘कोठी’ आहे, आणि शेजारच्या घरी धान्याची कोठी असते. तीन भाषांतले तीन शब्द आणि तीनही चित्रे अपुरी! वखारीत माल दिसतो, माणूस दिसत नाही. फॅक्टर हा तर माणूस होता; धन्यासाठी माल पारखणारा, भाव ठरवणारा, त्यावर आपले कमिशन जपणारा. आपल्या बाजारात त्याला आडत्या म्हणतात. त्या मुलाने पुस्तकातले ‘वखार’ उचलले असते तरी मी त्याला गुण दिले असते. त्याने त्याहून जवळचा शब्द दिला होता, आणि तो त्याने शब्दकोशातून नव्हे, बाजारातून आणला होता.

दादोबा पांडुरंगांसारख्या मराठी व्याकरणकाराने 1840 च्या दशकात याच शहरात इंग्रजी शिकवले. त्या परंपरेत आपण बसतो, असे मला तोवर वाटत असे.

हे सारे मला त्याच संध्याकाळी कळले. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी चूक कबूल करावयास हवी होती. मी केली नाही. गुणपत्रके तयार झाली होती, असे कारण मी स्वतःला सांगितले. खरे कारण एवढेच की, ज्या वर्गाला मी हसवले होते त्याच वर्गापुढे उभे राहण्याचे धैर्य मला झाले नाही. गुरुजींनी पुन्हा विचारले नाही, आणि ते मला अधिक जड गेले.

नववी संपल्यावर त्या मुलाने शाळा सोडली आणि तो मागावर गेला. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक होती; त्याच्या जाण्याचा संबंध माझ्या दोन गुणांशी जोडणे हा माझाच अहंकार ठरेल. परंतु त्या वर्षभरात त्याने पुन्हा मला एकही प्रश्न विचारला नाही, हे मी विसरलेलो नाही.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी मी नववीला ते वाक्य घातले. कतारगाम दरवाज्याजवळच्या इंग्रजी कबरस्तानात मुलांना नेऊन ऑक्सेंडन बंधूंचे घुमटदार थडगे दाखवले आणि येथे निजलेला माणूस काय धंदा करीत होता, असे विचारले. कोणी ‘कारखानदार’ म्हणे, कोणी ‘वखारवाला’. मग मी त्या मुलाचे उत्तर फळ्यावर लिहीत असे, त्याचे नाव न सांगता. उत्तरापुढे दोन गुणही लिहीत असे. ते त्याला कधी पोचले नाहीत.