चुकीचा गुणाकार : स्वयंरोजगारी कष्टकऱ्यांच्या दराचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



शहरातल्या कोणत्याही मजूर अड्ड्यावर सकाळी एक संवाद हमखास कानी पडतो. घरमालक गवंड्याला विचारतो, ‘काय घेणार?’ गवंडी आकडा सांगतो. मालक त्या आकड्याला मनातल्या मनात तीसने गुणतो आणि उद्गारतो, ‘हा तर कारकुनापेक्षा जास्त मिळवतो!’ कारागिरांविषयी मध्यमवर्गात जो आकस आढळतो, त्याचे मूळ या चुकीच्या गुणाकारात आहे.

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. समजा, गवंड्याची हजेरी 1,000 रुपये आहे आणि महिन्यातून 16 दिवस त्याला काम लागले. हाती आले 16,000. जाण्यायेण्याचे भाडे, थापी-ओळंब्यासारख्या हत्यारांची झीज आणि कुणी बुडवलेली मजुरी यांपोटी 1,500 वजा केले, तर उरले 14,500. तीस दिवसांवर वाटले की रोजचे 483 रुपये होतात. पावसाळ्यात काम निम्म्यावर आले, घरात आजारपण निघाले, की हाही आकडा टिकत नाही. संघटित कामगाराला पगारी रजा मिळते, भविष्यनिर्वाह निधीत मालकाचा 12 टक्के हिस्सा पडतो, ग्रॅच्युइटीपोटी सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचे वेतन जमा होते. हे सारे त्याच्या वेतनाचेच भाग होत. गवंड्याला मात्र रजा, दुखणे आणि म्हातारपण हे सर्व त्या एका आकड्यातून भागवावे लागते. म्हणून दर म्हणजे मिळकत नव्हे.

ही काही समाजवाद्यांनी काढलेली पळवाट नाही. बाजारपेठेच्या अर्थशास्त्राचा जनक मानला गेलेला ॲडम स्मिथ याने 1776 साली नेमका गवंड्याचाच दाखला दिला होता. कडाक्याच्या थंडीत आणि वाईट हवेत ज्याचे काम थांबते, त्याच्या मजुरीत रिकाम्या दिवसांचा निर्वाह आणि अनिश्चिततेच्या चिंतेची भरपाईही आली पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद होता.

मग ती भरपाई प्रत्यक्षात का मिळत नाही? कारण अड्ड्यावरचा सौदा बरोबरीचा नसतो. धान्य आज विकले नाही तर उद्या विकता येते. श्रमाचा दिवस साठवून ठेवता येत नाही. ऊन चढू लागले की उभ्या माणसांचा धीर सुटतो आणि दर उतरतो. बिगारी काम करणाऱ्या स्त्रीचा दर तर मुळातच कमी. समान वेतनाचा कायदा 1976 मध्ये झाला; पण अड्ड्यावर त्याची आठवण कोण करून देणार?

दुसरे कारण शब्दांत दडलेले आहे. केंद्र सरकारच्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशातील काम करणाऱ्यांपैकी स्वयंरोजगारींचे प्रमाण 2017-18 मध्ये 52.2 टक्के होते. 2023-24 मध्ये ते 58.4 टक्के झाले. यात शेतकरी, दुकानदार आणि घरच्या धंद्यात बिनमोबदला राबणारी माणसेही येतात; परंतु ठेकेदाराकडून उक्ते काम घेणारा रंगारी, सुतार, फरशीवाला हेही यातच मोडतात. 1948 चा किमान वेतन कायदा काय किंवा 2019 ची वेतन संहिता काय, दोन्ही मालक गृहीत धरतात. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित वेतनाचे निकष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये त्यांत शिक्षण, औषधोपचार आणि वृद्धापकाळ यांसाठी 25 टक्क्यांची भर घातली. परंतु ज्याला ‘तू स्वतःच स्वतःचा मालक’ असे सांगितले जाते, त्याने हे वेतन कुणाकडे मागायचे? स्वातंत्र्याचे नाव देऊन जबाबदारी झटकण्याचा हा प्रकार आहे.

या कोंडीतून वाट निघू शकते, हे महाराष्ट्राने दाखवून दिले आहे. मुंबईच्या बाजारांत ओझी वाहणाऱ्यांनाही व्यापारी ‘हे आमचे नोकर नव्हेत’ असेच म्हणत. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि 1969 चा माथाडी कायदा आला. मालकाच्या नोकरीत नसलेला, पण त्याच्या परवानगीने वा त्याच्याशी ठरवून काम करणारा माणूसही या कायद्याने कामगार ठरवला. मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर वेगळी लेव्ही द्यायची. त्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी भागवायचे, अशी ही व्यवस्था. रिकाम्या दिवसांची आणि म्हातारपणाची किंमत काम घेणाऱ्याने दिली पाहिजे, हे तत्त्व येथे कायद्यात उतरले.

अड्डे विखुरलेले, घरमालक रोज नवे. म्हणून तीच व्यवस्था जशीच्या तशी येथे लागू होणार नाही, हे खरे. परंतु बाजारातले व्यापारीही प्रारंभी हेच म्हणत होते. सुरुवात लहान असू शकते. प्रत्येक अड्ड्यावर गवंडी, बिगारी, रंगारी यांनी एकत्र बसून दर ठरवावा; तो फळ्यावर लिहावा; स्त्री-पुरुषांना एकच आकडा असावा; उक्त्या कामाचा दर हजेरीशी ताडून पाहावा; आणि ऊन चढले तरी त्याखाली कुणी जाऊ नये. हा शेवटचा नियम सर्वांत अवघड, कारण घरी चूल वाट पाहत असते. म्हणूनच फळा लावणाऱ्या कार्यकर्त्याने सकाळी आठला फोटो काढून परतू नये. त्याची खरी गरज दहा वाजता लागते.