फुल्डा : मठाच्या कुशीत वाढलेले नगर

नगरे वसतात ती कुठे किल्ल्याच्या आश्रयाने, कुठे बंदराच्या काठी, तर कुठे दोन व्यापारी वाटा मिळतात त्या ठिकाणी. जर्मनीतील हेसन प्रांतात फुल्डा नदीच्या तीरी, तिचेच नाव धारण करणारे एक नगर आहे. हे नगर मात्र एका मठाच्या कुशीत वाढले. त्या मठाने जगाला जे दिले, त्याचे मोल नगरापुरते राहिले नाही.

आठव्या शतकात इंग्लंडहून आलेला बोनिफास हा धर्मोपदेशक जर्मन प्रदेशात ख्रिस्ती धर्माचा प्रसार करीत होता. मठासाठी एकांताची जागा शोधण्याचे काम त्याने स्टुर्म नावाच्या शिष्यावर सोपविले. जुन्या चरित्रात असे वर्णन आहे की, स्टुर्म गाढवावर बसून निबिड अरण्यातून एकटाच हिंडला. रात्री लाकडे तोडून तो गाढवाभोवती कुंपण घाली आणि मग देवाचे नाव घेऊन निद्राधीन होई. अशा शोधातून सापडलेल्या जागी इ. स. ७४४ मध्ये मठ स्थापन झाला. दहा वर्षांनी बोनिफास फ्रिसिया प्रांतात मारला गेला आणि त्याच्या इच्छेनुसार त्याचा देह फुल्ड्यास आणण्यात आला. समाधीमागोमाग यात्रेकरू आले, यात्रेकरूंमागोमाग कारागीर व दुकानदार आले.

मठाचा खरा सुवर्णकाळ ह्राबानुस माउरुस याच्या कारकिर्दीत आला. ८२२ ते ८४२ अशी वीस वर्षे तो मठाधिपती होता. त्याच्या काळी फुल्ड्याची पाठशाळा युरोपभर नावाजली. मठवासी चर्मपत्रांवर धर्मग्रंथ उतरवून काढीत, परंतु त्यांची लेखणी तिथेच थांबली नाही. रोमन इतिहासकार आमिआनुस मार्सेलिनुस याच्या इतिहासाचे एकतीस खंड होते. त्यांतील पहिले तेरा नष्ट झाले. उरलेले अठरा आज आपण वाचू शकतो, ते मुख्यत्वे नवव्या शतकात फुल्ड्यास तयार झालेल्या एका प्रतीमुळे. एका धार्मिक पोथीच्या पहिल्या व शेवटच्या कोऱ्या पानांवर तर कोणी जर्मन वीरगीत लिहून ठेवले. रणांगणावर समोरासमोर आलेल्या हिल्डेब्रांट आणि हाडुब्रांट या पितापुत्रांची ती कथा. आपल्याला तिथे अर्जुन आणि बभ्रुवाहन यांचे स्मरण व्हावे. पान संपले आणि कथाही अर्धीच राहिली. पण प्राचीन जर्मन भाषेतील या वीरगीताची दुसरी प्रत कुठेही नाही.

मठ आणि नगर यांचे नाते मात्र सदैव गोडीचे नव्हते. १०१९ साली सम्राट दुसरा हेन्री याने मठाला बाजार भरविण्याचा, नाणी पाडण्याचा व जकात घेण्याचा अधिकार दिला. पेठ भरभराटीस आली, परंतु तिचा धनी मठाधिपतीच होता. १३३१ साली नागरिक मठावर चालून गेले. तो उठाव मोडून काढण्यात आला. ज्या छायेत रोप वाढते, तीच छाया पुढे झाडाला जाचू लागते.

पुढे १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात मठाचा ग्रंथसंग्रह उधळला गेला. शतकानुशतके जपलेल्या असंख्य पोथ्या कायमच्या नाहीशा झाल्या. १८०२ साली मठाची राजसत्ताही संपली. आज तेथे १७०४ ते १७१२ या काळात डीन्ट्झेनहोफर या वास्तुशिल्पज्ञाने उभारलेले भव्य मंदिर आहे. त्याच्या तळघरात बोनिफासची समाधी आहे, आणि शेजारी ८२२ मध्ये पूर्ण झालेले संत मिखाएलचे छोटे प्रार्थनागृह आहे.

आमिआनुसची प्रत १४१७ साली एका इटालियन विद्वानाने नेली. ती आता व्हॅटिकनमध्ये आहे. वीरगीताची पाने कासेलला गेली. त्यांतील एक पान दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस चोरीस जाऊन १९७२ साली अमेरिकेतून परत आले. मठाच्या भिंतींआड राहिलेले बव्हंशी नष्ट झाले. बाहेर पडलेले तेवढे उरले. ज्ञानाचे रक्षण कडीकुलपाने होत नाही. ते उतरवून घेणारा हात आणि दुसऱ्याच्या हाती देणारे मन, हेच त्याचे खरे रक्षक होत. फुल्ड्याच्या अनाम लेखनिकांनी आपल्याला हेच सांगितले आहे.