टिपरी पडते, पण ऐकतं कोण?

मुलुंडला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे आतली खोली. दिवाणाशेजारी ऑक्टोपॅड, कॉम्प्युटर, ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन, एवढंच सामान. खऱ्या ड्रमसेटसाठी सात-आठ माइक लागतात. इथे मी दोन वायरी जोडतो आणि वाजवायला बसतो. कुकरची शिट्टी, लोकलचा भोंगा, यातलं काही रेकॉर्डिंगमध्ये येत नाही.

गणपतीच्या बँजोपार्टीत आणि ऑर्केस्ट्रात आपण जो ऑक्टोपॅड पाहतो, तो रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली आणला. त्या पहिल्या 'पॅड-८'ला स्वतःचा आवाजच नव्हता. आठ रबरी चौकोन फक्त निरोप द्यायचे आणि वाजायचं दुसरंच यंत्र. हा निरोप 'मिडी' भाषेत जातो. ती भाषा १९८३ पासूनची. कोणत्या पॅडवर, कोणत्या क्षणी, किती जोरात टिपरी पडली, एवढंच ती सांगते. जोर मोजायचा १ ते १२७ या आकड्यांत. आपण वहीत तबल्याचे बोल लिहितो ना, तसंच हे. म्हणून आज वाजवलेला ठेका उद्या दुसऱ्या ड्रमच्या आवाजात ऐकता येतो.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, उशीर. कॉम्प्युटर आवाजाचे तुकडे साठवून मग पुढे पाठवतो. सेकंदाला ४४,१०० तुकडे धरले, तर २५६ तुकड्यांना सुमारे सहा मिलिसेकंद लागतात, १,०२४ ना तेवीस. तेवीस मिलिसेकंदांत आवाज हवेतून आठ मीटर जातो. म्हणजे मांडीजवळचा ढोल आठ मीटरवरून ऐकू यावा, तसं होतं. हात अडखळतो. म्हणून वाजवताना हा साठा लहान ठेवायचा.

दुसरी गोष्ट, खालचा मजला. हेडफोन लावल्यावर घर शांत वाटतं, पण पायाच्या पेडलचा धक्का स्लॅबमधून थेट खालच्यांच्या छतावर जातो. नुसती सतरंजी पुरत नाही. दोन फळ्यांमध्ये टेनिसचे चेंडू बसवून त्यावर पेडल ठेवलं, की धक्का बराच मुरतो. तरीही रात्री दहानंतर मी पाय आवरतो. शेजारधर्म कायद्याच्या आधी येतो.

आता मुद्द्याचं. कॉम्प्युटरमध्ये एक बटण आहे, ते प्रत्येक ठोका मात्रेवर नेमका बसवतं. सगळं सरळ होतं आणि ठेक्यातली ओढ जाते. ढोलकीचं तर आणखी अवघड. तिच्या धुमावर हाताचा तळवा दाबत नेला, की आवाज वळतो, घुमतो. ऑक्टोपॅडच्या टिपरीला हा दाब कळत नाही. तिला फक्त ठोका कळतो.

म्हणून लावणीच्या बाजाचं काम आलं, की मी घाटकोपरच्या एका ढोलकीवाल्या दादांना बोलावतो. भर दुपारी, पंखा बंद करून, एकच माइक. बिल देताना लोक विचारतात, 'पॅडमध्ये ढोलकी आहे ना, मग वेगळा माणूस कशाला?' मी त्यांना दोन्ही ठेके ऐकवतो. बहुतेकांना फरक लगेच कळतो. ज्यांना कळत नाही, त्यांच्या बिलातही दादांचं मानधन वेगळ्या ओळीतच लिहिलेलं असतं.