तिची सही पुरेशी आहे

माझे डॉक्टर मित्रमैत्रिणी आणि मागच्या रांगांत बसलेल्या सिस्टर, आरोग्यसेविका, आशाताई, कृष्णाकाठच्या सांगलीत आपलं मनःपूर्वक स्वागत. ताई, पुढं या. पहिल्या रांगा तुमच्यासाठी राखल्या आहेत. पाळी चुकलेली बाई आमच्याआधी तुमच्याशी बोलते, म्हणून पहिलं सत्रही तुमचंच आहे.

गर्भपाताचा कायदा १९७१ चा. ज्या समितीच्या अहवालातून तो आला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शाह आपल्याच राज्याचे मंत्री होते. सज्ञान बाईची स्वतःची संमती या कायद्याला पुरते. नवऱ्याची सही त्यानं कधीच मागितलेली नाही. आपल्या टेबलावर मात्र ती मागितली जाते. उद्या नातेवाईक भांडायला आले तर कागद हाताशी असावा, ही त्यामागची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण सही आणायला परत गेलेल्या बाईचे आठवडे वाढतात आणि सोपं काम जोखमीचं होतं, हेही आपणच पाहतो.

दुसरी भीती २०१२ च्या बीडमधल्या गर्भलिंगनिदान प्रकरणानंतरची. गर्भलिंगनिदानाविरुद्धची कारवाई हवीच होती, आजही हवी. पण त्या धाकानं अनेक औषध दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच बंद केलं आणि दोन मुली असलेली प्रत्येक बाई आपल्याला संशयित वाटू लागली. गोळ्यांची मुदत नऊ आठवड्यांची. तेव्हा सोनोग्राफीत लिंग दिसतच नाही! मग हा संशय कशासाठी?

आणि 'तांबी बसवणार असशील तरच करू' ही अट? अविवाहित मुलीला ऐकवलेलं कीर्तन? २०२१ च्या दुरुस्तीनं 'नवरा' शब्दाच्या जागी 'जोडीदार' आणला, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अविवाहितेचा हक्क स्पष्ट केला. आपली जीभ अजून तिथं पोचलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

काहींना हे काम मनापासून पटत नाही. पाप लागेल असं वाटणाऱ्या सिस्टरनं ते इथं मोकळेपणानं सांगावं. तिला कुणी हिणवणार नाही. मात्र दारात आलेल्या बाईला तिनं उपदेश न करता दुसऱ्या सहकाऱ्याकडं नीट सोपवावं. रक्तस्राव होत असेल, तर तेवढी सवडही कुणाला नाही.

सिस्टर आणि आशाताई बोलत असताना आम्ही डॉक्टरांनी मध्ये बोलायचं नाही, एवढी यजमान म्हणून माझी विनंती आहे.