युरिक अ‍ॅसिड वाढलंय? मग आधी बीपी मोजा

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'अं' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

 

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्या वेळा आला की म्हटलं, आता पूर्ण भागच करू. प्रश्न असा: "वय पंचवीस-तीस. ऑफिसच्या चेकअपमध्ये युरिक अ‍ॅसिड लाल अक्षरात आलंय. पण कुठंही दुखत नाही. सोडून देऊ का?"

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो. पण गेल्या वर्षी माझ्याही रिपोर्टमध्ये ७.६ आलं होतं. लॅबची वरची मर्यादा पुरुषांसाठी ७.२ च्या आसपास असते, बायकांसाठी ६ च्या आसपास. मी रिपोर्ट मित्रांच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत सल्ले सुरू. एक म्हणाला डाळ बंद कर. दुसरा म्हणाला पालक, टोमॅटो बंद. तिसरा म्हणाला, "माझ्या काकांच्या गोळ्यांची स्ट्रिप आहे घरी, देऊ का?" एवढ्या सल्ल्यांत एकानंही विचारलं नाही की "तुझं बीपी किती आहे?" माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा होता. का, ते सांगतो.

आधी हे युरिक अ‍ॅसिड येतं कुठून? आपल्या पेशींमध्ये प्युरिन नावाचे पदार्थ असतात. डीएनएमध्येही तेच. पेशी मोडतात, नव्या होतात, त्यात प्युरिन तुटतं आणि शेवटी उरतं युरिक अ‍ॅसिड. म्हणजे ते फक्त ताटातून येत नाही, जास्त भाग शरीर स्वतःच तयार करतं. बाहेर टाकायचं काम मुख्यतः किडनीचं, साधारण दोन-तृतीयांश. बाकीचं आतड्यातून जातं.

आणि गंमत बघा. कुत्रा, उंदीर, गाय, बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांकडे युरिकेज नावाचं एन्झाइम असतं. ते युरिक अ‍ॅसिड पुढे तोडून सहज विरघळणारं करतं. आपल्या पूर्वजांमध्ये त्याचा जीन कोट्यवधी वर्षांपूर्वी बंद पडला. कोड अजून आहे, पण चालत नाही! म्हणून माणसात हा आकडा इतर प्राण्यांपेक्षा मुळातच जास्त असतो.

तो ६.८ च्या वर गेला की युरिक अ‍ॅसिड रक्तात नीट विरघळून राहत नाही. सांध्यात त्याचे स्फटिक जमले की पायाचा अंगठा सुजतो, चादर लागली तरी माणूस ओरडतो. हा गाउट. आपल्याकडे युरिक अ‍ॅसिड म्हटलं की एवढंच डोक्यात असतं: अंगठा दुखतोय का? नाही ना? मग विषय संपला.

पण बीपीशी असलेला संबंध जवळपास दीडशे वर्षं चर्चेत आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये फ्रेडरिक अकबर महोमेद नावाचे डॉक्टर होते. हे त्या शेख दीन महोमेद यांचे नातू, जे मूळचे पाटण्याचे आणि ज्यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटनला चंपी-मालिशचं स्नानगृह काढलं. नातवानं नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारलं. दंडावर पट्टा बांधून बीपी मोजणं १८९६ मध्ये आलं, हा माणूस १८७० च्या दशकात नाडीच्या रेषांवरून सांगत होता की वरवर ठणठणीत दिसणाऱ्या माणसांचाही रक्तदाब वाढलेला असतो. आणि त्यानं लिहून ठेवलं की असे बरेच जण गाउट असलेल्या घराण्यांतले आहेत. १८८४ मध्ये तो टायफॉइडनं गेला. वय फक्त ३५.

आता आधुनिक आकडे. २०११ मध्ये १८ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, मिळून ५५,००० पेक्षा जास्त माणसं. सुरुवातीला यांना बीपी नव्हतं. ज्यांचं युरिक अ‍ॅसिड वाढलेलं होतं, त्यांना पुढे बीपी होण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांनी जास्त निघालं, वय, वजन वगैरे हिशोबात धरूनसुद्धा. आणि हा संबंध तरुणांत आणि बायकांत जास्त ठळक होता.

थांबा, ४१ टक्के ऐकून घाबरू नका. याचा अर्थ १०० पैकी ४१ जणांना बीपी होणार, असा नाही. समजा एखाद्या गटात काही वर्षांत १०० पैकी १० जणांना बीपी होणार असेल, तर युरिक अ‍ॅसिड जास्त असलेल्या गटात ते १४ होतील. एवढाच फरक. पण आपण त्या चारांत आहोत का, हे कळायला हवं ना?

आता खरा प्रश्न. युरिक अ‍ॅसिड बीपी वाढवतं, की दोन्ही तिसऱ्याच गोष्टीमुळे वाढतात?

उंदरांमध्ये उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट मिळालं. त्यांचं युरिकेज औषधानं बंद केलं, युरिक अ‍ॅसिड वाढलं, बीपीही वाढलं. ते कमी करणारं औषध दिल्यावर बीपी वाढलं नाही. रक्तवाहिनी सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी होतं, असं कारण दिसलं.

मग २००८ मध्ये अमेरिकेत एक छोटी चाचणी झाली. ११ ते १७ वयाची ३० मुलं, बीपी नुकतंच निघालेलं, युरिक अ‍ॅसिड ६ किंवा जास्त. चार आठवडे अ‍ॅलोप्युरिनॉल, म्हणजे युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी, आणि चार आठवडे तशीच दिसणारी खोटी गोळी. खऱ्या गोळीवर ३० पैकी २० जणांचं बीपी नॉर्मल झालं. खोट्या गोळीवर फक्त एकाचं. भारी वाटतं ना? इथंच थांबलं तर यूट्यूबवर थंबनेल तयार: 'बीपीचं मूळ सापडलं!'

पण पुढे काय झालं? १८ ते ४० वयाच्या मोठ्यांवर तसाच प्रयोग झाला, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. बीपी काही उतरलं नाही. त्यातल्या अनेकांचं युरिक अ‍ॅसिड मुळात फार जास्त नव्हतं, हेही खरं. २०२२ मध्ये ब्रिटनमधली मोठी चाचणी आली. हृदयविकार असलेले, साठीच्या पुढचे ५,७०० हून जास्त लोक. अ‍ॅलोप्युरिनॉलनं हार्ट अटॅक, स्ट्रोक यांत फरक पडला नाही. आणि जनुकांच्या आधारे केलेल्या अभ्यासातही युरिक अ‍ॅसिड हे बीपीचं थेट कारण आहे, असं दिसलं नाही.

मग मी याकडे कसं बघतो? माझ्या कामातलं उदाहरण देतो. सर्व्हरवर एक वॉर्निंग येते: डिस्क भरत चालली आहे. ती वॉर्निंग म्यूट केली म्हणून डिस्क रिकामी होत नाही. आणि वॉर्निंग आली म्हणजे सर्व्हर पडला, असंही नाही. ती सांगते की आत जाऊन बघ.

आत काय असू शकतं? पोट सुटलेलं असेल, इन्सुलिन नीट काम करत नसेल, तर रक्तात इन्सुलिन वाढतं. ते किडनीला दोन गोष्टी धरून ठेवायला लावतं: युरिक अ‍ॅसिड आणि मीठ. म्हणजे एकाच कारणानं दोन्ही आकडे वर. किडनीच कमी काम करत असेल, तरी तेच. काही औषधांनीही हे होतं. बीपीसाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी युरिक अ‍ॅसिड वाढू शकतं. तुमच्या बाबांना अशी गोळी चालू असेल, तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.

म्हणून त्या काकांच्या स्ट्रिपवर माझं उत्तर स्पष्ट 'नाही' होतं. अ‍ॅलोप्युरिनॉल गाउटसाठी उत्तम औषध आहे, पण काही जणांना त्यानं अंगावर गंभीर, जीवावर बेतणारं पुरळ उठतं. अमेरिकेतल्या संधिवात तज्ज्ञांच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की गाउटचा त्रास कधीच झाला नसेल, तर फक्त आकडा वाढलाय म्हणून सहसा गोळी सुरू करू नये.

आणि डाळ? बिचारी उगाच बदनाम. ४७,००० पुरुषांवरचा एक अभ्यास २००४ मध्ये आला. मटण-मासे जास्त खाणाऱ्यांत गाउट जास्त होता, पण प्युरिन असलेल्या भाज्या आणि डाळींमुळे तो वाढला नाही. दूध-दही खाणाऱ्यांत उलट कमी होता. तेव्हा आमटी-भात खा. हात आखडायचा तो बिअर, कलेजी, सुकट आणि गोड कोल्ड्रिंकवर. साखरेतलं फ्रुक्टोज यकृतात तुटताना युरिक अ‍ॅसिड तयार होतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फळांचा रस आणि उसाचा रसही त्यातच. कडक निर्जळी उपवासानं किंवा एकदम जोरदार व्यायामानंही आकडा तात्पुरता चढतो, म्हणून टेस्ट पुन्हा करून बघावी लागते. पाणी प्या. ताक प्या, पण मीठ न घालता. दिवसाचं एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चमचा. पापड, लोणचं, फरसाण धरून!

आता मुख्य काम: बीपी. दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. स्मार्टवॉचवर विसंबू नका. मोजण्याआधी अर्धा तास चहा, सिगारेट, व्यायाम नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. हात टेबलावर, छातीच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही, रील बघायचं नाही. एक मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. सकाळ-संध्याकाळ, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरची सरासरी १३५/८५ किंवा जास्त आली, तर डॉक्टर गाठा. १८०/१२० च्या वर, सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना जीभ अडखळणं असेल, तर थेट हॉस्पिटल.

माझं चेकअपच्या दिवशी १३८/८८ होतं. घरची सरासरी १२८/८२ निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, वजन उतरवा, सहा महिन्यांनी भेटा. सहा किलो उतरलं. आता युरिक अ‍ॅसिड ६.७, बीपी १२० च्या आसपास. एका माणसाचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे, हे मलाही कळतं. पण बीपी दुखत नाही, खुपत नाही. आपल्या वयात ते कुणी मोजतच नाही, आणि कळतं तेव्हा कधी कधी किडनी किंवा डोळ्यांपर्यंत गेलेलं असतं. युरिक अ‍ॅसिडच्या लाल अक्षरांनी मोजायची आठवण करून दिली, एवढा फायदा तरी करून घ्या.

हा भाग आवडला, तर ग्रुपवर सल्ले देणाऱ्या त्या मित्राला नक्की पाठवा. पुढच्या आठवड्यात झोपेवर बोलू. काळजी घ्या. भेटू!